दगड आसा तो

फोटो तसा झकास आहे. डिसेंबर २०१४, मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं हिरवट पाणी आणि त्यात मी. तोंडावर मास्क, नाकाचा चपटा बटाटा झालेला, आजूबाजूला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची ही एवढी गर्दी, जणू मी कुणी नटी आणि ते सेल्फीसाठी आलेत. उजव्या हाताची बोटं गोल करून 'ओके' केलंय, गाइडनं शिकवलं होतं अगदी तसं. तीन वर्षं हा माझा डीपी होता. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, बाई बाई काय ग डेरिंग तुझं, आणि मी 'काही नाही ग, सोप्पं असतं' असं म्हणत मनातल्या मनात फुगायचे. २०२३ च्या दिवाळीत जुनी हार्ड डिस्क साफ करताना तो फोटो परत वर आला, मी कौतुकानं भाचीला दाखवला. ती सागरी जीवशास्त्र शिकते, म्हटलं तिला आवडेल. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझ्या तोंडावर नाही, खाली, पायांवर. आणि चकली तोंडात तशीच ठेवून म्हणाली, "आत्या, तू उभी कशावर आहेस?"

"दगडावर."

तिनं अजून मोठं केलं. दगडावर बारीक बारीक खळगे होते, सुईनं टोचून ठेवल्यासारखे. "हा दगड नाहीये ग," ती म्हणाली. आणि बस, एवढंच. भाषण नाही, रागावणं नाही. मोबाइल उलटा ठेवला, चकली संपवली, डबा पुढे ओढला. रागावली असती तर बरं झालं असतं, मी उलट चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण ती गप्प बसली आणि ते दोन पाय माझ्या डोक्यात जाऊन उभे राहिले ते राहिलेच.

त्या दिवसाचं मला बरंच काही आठवतं. होडीतला डिझेलचा वास, आधीच्या माणसाच्या दातांच्या खुणा असलेला तो रबरी तोंडात धरायचा भाग, खारट आणि किंचित डेटॉलसारखा. पोटात सकाळचे घावणे आणि चहा हेलकावे खात होते. गाइड विशीतला, काळा कुळकुळीत, केस मिठानं ताठ झालेले. त्यानं खुणा शिकवल्या, अंगठा वर म्हणजे 'वर घ्या', बोटं गोल म्हणजे 'मी ठीक आहे', हात हलवला म्हणजे 'काहीतरी गडबड आहे'. मी पाण्यात उतरले आणि तिसऱ्या मिनिटाला नाकातोंडात पाणी जाऊन हातपाय मारायला लागले, तेव्हा त्यानं मला दंडाला धरलं, दोन हात पुढे सरकवलं आणि म्हणाला, "घाबरू नकात. हय पाय टेका. दगड आसा तो." मी टेकले. काय बरं वाटलं सांगू, पायाखाली काहीतरी आहे या जाणिवेनं! खरखरीत होतं, ओल्या खवणीसारखं, पण वरून एक पातळ बुळबुळीत थर. डाव्या टाचेखाली काहीतरी मोडलं. कडकन वगैरे नाही, वाळवलेल्या फेणीवर पाय पडावा तसं हलकंच. शिंपला असेलही. आता इतक्या वर्षांनी मी छातीठोक सांगू शकत नाही. मग त्यानं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढली, तिच्यात पावाचा लगदा भरलेला, बाटली दाबली आणि पांढरा भुसकट ढग पाण्यात पसरला आणि ते सगळे मासे, जे मला वाटलं होतं माझ्याकडे आले, ते पावाकडे आले. क्लिक.

आणि फोटोत अजून एक गोष्ट आहे, जी भाचीनं बघितली नाही, मी बघितली. 'ओके' केलेल्या हाताच्या अनामिकेत पोवळं आहे.

माझ्या पत्रिकेत मंगळ. लग्न ठरत नव्हतं तेव्हा आईनं दादरच्या एका पेढीवरून ते पोवळं आणलं होतं, सव्वापाच रत्तीचं, शेंदरी, चांदीत नाही तांब्यातच बसवा म्हणून गुरुजींनी बजावलेलं. मंगळवारी सकाळी गणपतीसमोर ठेवून घातलं. लग्न झालं, बोट जाड झालं, अंगठी निघेना, मग राहिलीच. होडीत गाइड म्हणाला होता, अंगठी काढून ठेवा, मी म्हटलं निघतच नाही रे. म्हणजे चित्र असं की हातात पोवळं मिरवतेय, देवासमोर पुजलेलं, आणि पाय प्रवाळावर. अगदी बरोबर बोलायचं तर ही दोन सख्खी भावंडं नव्हेत. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, इटलीकडचं, खोल काळोखात वाढणारं, ते पार रोमन काळापासून जहाजात बसून आपल्या बंदरांत उतरतंय. आणि मालवणचं प्रवाळ ते राखाडी-तपकिरी, बिनरंगाचं, कुणी अंगठीत घालणार नाही असं. चुलत-मावस म्हणा. पण घर तेच. दोघंही एवढ्याएवढ्याशा मऊ किड्यांनी आयुष्यभर खपून बांधलेले सांगाडे.

आमच्या घरात प्रवाळ आणखी एका रूपात होतं, बाटलीत. आजीच्या फडताळात प्रवाळ पिष्टी असायची, गुलाबीसर पांढरी पूड. तोंड आलं, हातापायांची आग झाली, उन्हाळी लागली की मधातून किंवा तुपातून चिमूटभर. 'अंगातली उष्णता कमी करतं,' आजी म्हणायची. हे वाक्य मला गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा आठवलंय की विचारू नका.

कारण प्रवाळाचा आजार नेमका उष्णतेचाच आहे. भाचीनं मला हे समजावलं ते लोकलमध्ये, उभ्या उभ्या, विरार फास्टमध्ये, आणि तिथे दुसरी उपमा सुचणार कुठली, ती म्हणाली आत्या, भाडेकरू समज. प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे पॉलिप, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळाला राहायला जागा मिळते, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बहुतेक मालकाला देतं, नव्वद टक्क्यांपर्यंत म्हणे. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा फक्त एक डिग्री जास्त तापलं आणि चारेक आठवडे तसंच राहिलं की या भाडेकरूचं बिनसतं, तो विषारी काहीतरी सोडायला लागतो, आणि मालक त्याला बाहेर काढतो. भाडेकरू गेला, रंग गेला, भाडं पण गेलं. आरपार दिसणाऱ्या कातडीतून आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. "पण तेव्हा ते मेलेलं नसतं हां," ती म्हणाली, "उपाशी असतं. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं." आणि नाही झालं तर? बोरिवली आलं, माणसं उतरली, आम्हाला बसायला जागा मिळाली, ते उत्तर राहिलं. मला ते विचारायचं पण नव्हतं फारसं.

त्या थंडीत ती मला मुंबईतच प्रवाळ दाखवायला घेऊन गेली. मी हसले होते. मुंबईत? इथे समुद्रात हात घालायची भीती वाटते, चतुर्थी झाल्यावर तर बघवत नाही. पण गेलो, अमावस्येच्या आसपासची संध्याकाळ, उधाणाची ओहोटी, पाणी इतकं मागे गेलेलं की एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडले होते. जागा कुठली ते लिहू नकोस असं तिनं बजावलंय, लोक जाऊन उपटतील म्हणून. गटाराचा वास होता, खोटं कशाला बोलू. खडकात अडकलेली एक चप्पल, देवाच्या फोटोची काच नसलेली फ्रेम, मेणबत्तीचा तुकडा, आणि या सगळ्यात गुडघ्यावर बसून ती एका डबक्यात टॉर्च मारत होती. "हे बघ." मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. तळहाताच्या खळग्याएवढा एक उंचवटा, राखाडी-तपकिरी, त्यावर पाच-सहा कोनांचे खळगे, मधमाशांच्या पोळ्यासारखे, आणि प्रत्येक खळग्याची कड पांढऱ्या दोऱ्यानं शिवल्यासारखी. इतकं नीटस काम की मला आमच्या सावंतवाडीच्या मावशीची कशिदाकारी आठवली. मी बोट पुढे केलं. "हात नको लावू." मी बोट मागे घेतलं, आणि कोण जाणे का, ते बोट पदरात लपवल्यासारखं ओढणीत गुंडाळलं.

मुंबईच्या या खडकांवर लोक जमून काय काय जिवंत आहे त्याच्या नोंदी करतात, २०१७ मध्ये प्रदीप पाताडे आणि त्यांच्या दोन साथीदारांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' म्हणून सुरू केलं होतं, तेव्हापासून. मग कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचं प्रवाळ आड आलं, २०२० मध्ये त्यातल्या १८ वसाहती काढून दुसरीकडे नेऊन लावल्या. अठरा. मी पेपरात तेव्हा वाचलं होतं आणि नाक उडवलं होतं की एवढ्याशा अठरा गोळ्यांसाठी केवढं ते प्रकरण, इथे माणसांचं पुनर्वसन होत नाही. आता डबक्याशी बसून वाटलं, बाई ग. अर्थात ते 'माणसांचं होत नाही' हे वाक्य मी मागे घेतलेलं नाही. कोळ्यांची जाळी टाकायची जागा गेली तीही याच रस्त्यात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, याचा मला पूर्वी राग यायचा, आता नुसता थकवा येतो.

त्याच डबक्यापाशी तिनं मला ते सांगितलं ज्यानं माझी झोप उडाली. दगडी प्रवाळ, सगळं, आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २००१ पासून. म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

मी वाघावर उभी राहिले होते. दोन्ही पाय टेकून. आणि त्याचा डीपी ठेवला होता.

हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, वाघानं काही केलं नाही ना तुला? मीही हसले. पण रात्री पडल्या पडल्या हिशोब करत बसले, बँकेतली सवय. असले गोल धोंड्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, कधी त्याहून कमीच. फोटोतला माझा धोंडा, माझ्या पावलाच्या मापानं, निदान चाळीस सेंटिमीटर उंच. म्हणजे मी शाळेत नाव घातलं तेव्हा तो तिथे असणार. आई मालवणात माहेरपणाला यायची आणि आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं) ओढणाऱ्यांच्या मागे 'हुय्या हुय्या' करत धावायचो तेव्हा पण. झाडाच्या खोडात असतात तशी वर्षावर्षाची वळी असतात म्हणे त्यात. १९८७ मध्ये तिथलं २९ चौरस किलोमीटर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, किल्ल्याच्या भोवतालचं पाणी सगळं त्यात, तेव्हाचंही एक वळं असणार. मच्छीमार तेव्हा खवळले होते, आमचे मामा तर आजही 'अभयारण्य' हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकतो तिथे सरकारची पाटी कशाला? आणि गंमत अशी की एवढं होऊन ती पाटी मी काही कुठे पाहिली नाही. मला तिथे कुणीच सांगितलं नाही की बाई, तुम्ही अभयारण्यात आहात. ताडोबात जीपमधून पाय खाली ठेवला तर ओरडतात.

२०२४ च्या मे महिन्यात भाची लक्षद्वीपला होती, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. तिथून व्हॉइस मेसेज यायचे, मागे वारा आणि कोंबडा. पहिले दोन दिवस नुसतं नारळ आणि निळं पाणी आणि टुना मासा. तिथले लोक टुना एकेक करून गळानं धरतात, काठी आणि दोरी, तळ खरवडणारं जाळं नाही, म्हणून इतकी वर्षं तिथल्या प्रवाळाला मासेमारीचा त्रास कमी, हे तिनं फार कौतुकानं सांगितलं. ती ज्या घरात राहिली होती त्याची एक जुनी भिंत प्रवाळाच्याच चिऱ्यांची होती, चुन्याखालून नक्षी दिसायची. पूर्वी तेच वापरायचे बांधायला, दुसरा दगड आणणार कुठून, सगळं बेटच त्याचं. मन्नारच्या आखातात तर वर्षानुवर्षं प्रवाळ खणून त्याचा चुना काढला, आणि बेटांभोवतीचं प्रवाळाचं कडं गेल्यावर लाटा थेट आत आल्या, दोन बेटं पाण्याखाली गेली. म्हणजे 'दगड आसा तो' हे फक्त माझ्या गाइडचं नव्हे, हे सगळ्या किनाऱ्यांवर सगळे म्हणत आलेत, चुनेवाले, ठेकेदार, गुरुजी, माझी आजी. आपापल्या कामापुरतं त्यांचं बरोबरही होतं.

तिसऱ्या दिवशीचा मेसेज अकरा सेकंदांचा होता. "आत्या, सगळं पांढरं आहे." थोडं थांबून, "खूप सुंदर दिसतंय ग. तेच वाईट वाटतंय."

मग फोटो आले. खरंच सुंदर. बर्फ पडल्यावर झाडं दिसतात तशी, आणि मधेमधे काही फांद्या चक्क जांभळ्या, फिकट निळ्या, ट्यूबलाइटसारख्या झगझगीत. मी पटकन 'वॉव' लिहून पाठवणार होते. ती म्हणाली, तो रंग म्हणजे उन्हापासून वाचायची शेवटची धडपड असते. मग मी काहीच लिहिलं नाही, एक हात जोडल्याची इमोजी टाकली, आणि मग वाटलं हात जोडायचं काय कारण, ती काढून टाकली. त्याच्या महिनाभर आधीच, एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्यानं, नोआनं, जाहीर केलं होतं की जगभर चौथं मोठं ब्लीचिंग सुरू आहे. जानेवारी २०२३ पासून पुढच्या दोनेक वर्षांत जगातल्या ८४ टक्के प्रवाळ भागाला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता लागली. लक्षद्वीपला १९९८ मध्ये लागली, २०१० मध्ये लागली, २०१६ मध्ये लागली, मग ही २०२४. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची मंडळी तिथे १९९८ पासून मोजणी करतायत. त्यांच्या मोजणीत तेव्हा तळाचा ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाचा होता आणि २०२२ मध्ये तो १९-२० टक्क्यांवर आला होता. म्हणजे २०२४ लागायच्या आधीच निम्मं. टायफॉइडमधून उठलेलं माणूस कसं, भिंत धरून चालायला लागतं, तोंडाला चव येते, पेज सोडून भात खायला लागतं, आणि त्याला परत ताप भरतो. नीट सावरायला सहाएक वर्षं बिनतापाची लागतात. मिळाली तर.

तर आता माझ्या दोन पायांचं काय करायचं? हा प्रश्न हसण्यासारखा आहे हे मला कळतं. समुद्राला ताप मी चढवलेला नाही, म्हणजे चढवलाय, पण तुम्ही, मी, आमच्या सोसायटीतले तेरा एसी, विमानं, कोळसा, सगळ्यांनी मिळून, आणि त्यात काहींनी फारच जास्त. दीड डिग्री तापमान वाढलं तर सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळ जाणार आणि दोन डिग्री वाढलं तर जवळपास सगळंच, हे शास्त्रज्ञ २०१८ मध्ये सांगून बसलेत. त्यापुढे एका बाईची डावी टाच? मी भाचीला असंच म्हटलं एकदा, जरा चिडूनच, की तुमचं ते सनस्क्रीन लावू नका आणि पाय ठेवू नका, हे म्हणजे घराला आग लागलीय आणि तुम्ही पायपुसण्यावर पाय पुसायला सांगताय. तिनं वाद घातला नाही (ती वाद घालत नाही, हीच पंचाईत आहे). म्हणाली, "तापात असलेल्या माणसाच्या अंगावर आपण उभे राहत नाही ना, आत्या." मग म्हणाली, गढूळ पाणी, सांडपाणी, नांगर, जाळ्यांचे तुकडे, पाय, हे सगळं जिथे कमी असतं तिथे ताप उतरल्यावर प्रवाळाला उठायला बरं पडतं. एवढंच. वाचेलच असं नाही.

एक जागा अशी आहे जिथे यातलं काहीच पोचत नाही. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. चाळीस किलोमीटर लांब. वीस-पंचवीस मीटर खाली प्रवाळ, स्वच्छ पाणी, ना गटार, ना पाव, ना माझ्यासारख्या बाया. मला हे कळलं तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला, की चला, कुठेतरी आहे. आपल्या सरखेलाच्या पहाऱ्यात आहे. मग आठवलं, उष्णतेला होडी लागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मी परत मालवणला गेले, मामेभावाच्या मुलाच्या लग्नाला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता सकाळी धक्क्यावर गेले. गर्दी इतकी की दहा वर्षांपूर्वीचं ते मालवण मला शोधावं लागलं. फलकांवर फलक, स्कूबा, स्नॉर्कल, बनाना, पॅरासेल, कॉम्बो. तेव्हा निवतीच्या खडकाजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं घाटत होतं म्हणे, तिच्यावर प्रवाळ धरेल, आणि पाणबुडीतून लोक बघतील. धरेलही, समुद्राला रिकामी जागा चालत नाही. जुन्याचं काय ते मात्र कुणी फलकावर लावलेलं दिसलं नाही.

मला जुना गाइड हवा होता. तो नाही मिळाला, गोव्याला गेला म्हणे. ज्याच्या होडीत बसले तो तिशीचा, त्याचे वडील रापणीचे. मी अंगठीवरून विषय काढला, मग फोटोवरून, मग हळूच पायांवरून. तो समजायचं ते समजला. "आमका म्हायती आसा, ताई," तो म्हणाला. ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवलंय, काय जिवंत, काय नाही. "पण मासो इलो नाय तर लोक पैशे परत मागतत. पाय टेकाक दिले नाय तर घाबरान वर येतत, मगे रिव्ह्यू वायट." मग थोडा वेळ इंजिनच बोलत होतं. मग तो म्हणाला, वडलांना एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांनी आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळीवाल्यांनी उठवलं, रापणीत आता मासळी गावत नाही, म्हणून मी हे करतो. हेही गेलं तर? मी काय बोलणार. मी चारशे रुपये देऊन एकदा पाय टेकून गेलेली बाई, तो रोज पन्नास पायांचा हिशोब ठेवणारा माणूस. एक पाहिलं मात्र, त्यानं नांगर टाकला नाही, तरंगत्या बोयाला दोर बांधला. मी बघतेय हे त्यानं बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

मी पाण्यात उतरले. पाय टेकायचे नाहीत हा निर्धार. पन्नाशीच्या बाईनं नुसतं तरंगत राहणं म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही, पोटरीत गोळा यायला लागला, लाइफ जॅकेट हनुवटीशी भांडायला लागलं, तरी मी ट्यूब धरून पडून राहिले आणि खाली बघितलं. काही धोंडे मला ओळखीचे वाटले, पण दहा वर्षांपूर्वी मी खाली बघितलंच कुठे होतं. काहींवर हिरवं शेवाळ चढलेलं, केसाळ. एकाची अर्धी बाजू पांढरट आणि अर्धी तपकिरी, आणि त्या तपकिरी बाजूवर ते खळगे, सुईनं टोचल्यासारखे, आणि एका खळग्यातून काहीतरी केसाएवढं बाहेर आलं आणि आत गेलं. पाण्याचं हललं असेल. नसेलही. मी श्वास धरून वाट बघत राहिले.

तेवढ्यात डावीकडे एक माणूस उतरला, पोटावर लाइफ जॅकेट ताणलेलं, घाबरलेला, हातपाय मारत. दुसऱ्या होडीचा गाइड त्याला धरून आणत होता आणि मला माहीत होतं तो कुठे आणतोय. त्याची दोन पावलं खाली आली, शोधत, चाचपत, आणि त्याच अर्ध्या तपकिरी धोंड्यावर टेकली. त्याचा चेहरा मास्कमधून दिसत होता. हायसं वाटलेला. मी ओरडले. तोंडात रबर, त्यामुळे नळीतून नुसती शिट्टीसारखी घरघर बाहेर पडली. मी हात हलवला, काहीतरी गडबड आहे, मग त्याच्या पायांकडे बोट केलं, खाली, खाली, परत परत. आमच्या गाइडनं माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं, खालच्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं, आणि त्याला वाटलं ताईंना मासे दिसत नाहीयेत. त्यानं कमरेची बाटली काढली आणि दाबली.